भर रस्त्यात तो तिला कंटाळला

मित्रांनो, मी शब्दकोश आहे. जुना, जाडजूड, पाठीला चिकटपट्टी लावलेला. 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. नाहीतर तुमची-माझी मैत्री कसली? तुमच्यापैकी किती जणांनी मला आपणहून उघडले आहे? आणि ज्यांनी उघडले त्यांनी आत काय शोधले, तेही मला चांगले ठाऊक आहे. शिव्या शोधल्या. एखादी सापडली की एकमेकांना कोपर मारून फिदीफिदी हसलात आणि मला उपडा टाकून पळालात. गाढवाला गुळाची चव काय!

तरी आज तुम्हाला माझी कहाणी ऐकावी लागेल. एका प्रेमकादंबरीने आमच्या घरात काय उच्छाद मांडला ते कुणीतरी सांगायलाच हवे, आणि खरे बोलणारा त्या घरात मी एकटाच आहे.

माझा जन्म भांडणातून झाला. पांढऱ्या केसांचे पंडित एका लांबलचक टेबलाभोवती बसत आणि एकेका शब्दावरून हमरीतुमरीवर येत. 'आळस' या शब्दाचा अर्थ ठरवताना दोघांनी एकमेकांशी बोलणे टाकले, ते कायमचे. मग छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळले, पाने छापली, शिवली, वर कापडी बांधणी आणि पाठीवर सोनेरी अक्षरे चढली. काय रुबाब होता माझा! पुस्तकांच्या दुकानात मला दर्शनी काचेत उभे केले. आणि माझ्या शेजारी कोण, तर एक प्रेमकादंबरी. गुलाबी वेष्टन, त्यावर डोळे मिटून उसासे टाकणारी एक मुलगी. मी हळूच आत डोकावून पाहिले. हृदय, चांदणे, अश्रू, हृदय, उसासा, पुन्हा हृदय. शब्दांची एवढी श्रीमंती असलेल्या भाषेत ही बाई चार भांड्यांत संसार करत होती!

ती संध्याकाळपर्यंत विकली गेली. मी तिथेच उभा राहिलो. माझ्या शेजारी तशा कितीतरी आल्या आणि गेल्या. लोक त्यांना हातात घेऊन दुकानातच वाचायला लागत, आणि मला उचलून म्हणत, "बाप रे, केवढा जड!" तेव्हापासून या जातीबद्दल माझे मत बनले आहे आणि ते बदलायची मला गरज वाटत नाही.

शेवटी मला मास्तरांनी नेले. ते शाळेत भाषा शिकवत. तरुण होते, किडकिडीत होते, आणि पहिल्या पगारातून त्यांनी मला घेतले. असा मालक मिळायला भाग्य लागते. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की त्यांना जेवण जात नसे. एकदा एका दुकानाच्या पाटीवर 'शुध्द तेल' असे लिहिलेले दिसले. मास्तर मला काखेत मारून थेट आत शिरले आणि दुकानदाराला म्हणाले, "तुमचं तेल शुद्ध असेलही. पण तुमचं 'शुद्ध' अशुद्ध आहे." मला उघडून पुरावा दाखवला. दुकानदाराने पाटी बदलली नाही, पण त्या दिवशी माझी पाने आनंदाने फुलली होती.

त्याच शाळेत चित्रकलेच्या बाई होत्या. शाळेच्या भित्तिपत्रकाच्या निमित्ताने त्या सुटीच्या दिवशी आमच्याकडे येत. मास्तर मजकूर लिहीत, बाई भोवती वेलबुट्टी काढत. भित्तिपत्रक महिन्यातून एकदाच निघायचे, पण बाई दर आठवड्याला येऊ लागल्या. एका संध्याकाळी कुंचला पाण्यात खळबळत, मान वर न करता त्या म्हणाल्या, "मला तुमची सवय लागलीय."

स्वयंपाकघरात मास्तरांची धाकटी बहीण चहा गाळत होती, तिची गाळणी तशीच हातात राहिली. मास्तरांनी मला ओढून घेतले, 'स' काढला, बोट फिरवले आणि म्हणाले, "सवय होते. लागतं ते व्यसन."

यावर पंडितांत मतभेद आहेत, पण मी मास्तरांच्या बाजूने उभा राहिलो. "बरोबर आहे," बाई म्हणाल्या. मग कुंचला फडक्याला पुसला, रंगांची पेटी बंद केली आणि चहा न घेता निघून गेल्या. पुढच्या वर्षी त्यांनी दुसऱ्या गावच्या शाळेत बदली करून घेतली. मास्तरांनी लग्न केले नाही. कशाला करायचे? घरात मी होतो.

आणि चिमी होती. चिमी म्हणजे तीच गाळणीवाली बहीण. लहानपणी चिमणीएवढी होती म्हणून हे नाव पडले. पुढे अंगाने चांगली भरली तरी नाव तेच राहिले. एका धुलाईच्या दुकानात ती रफूचे काम करी. फाटलेल्या कापडाचेच धागे काढून ती भोक असे विणून टाकी की कपड्याच्या मालकालाही जागा सापडत नसे. हात सोन्याचे होते, हे मी मान्य करतो. डोक्यात मात्र कोंडा भरला होता. कसला कोंडा, ते तुम्ही ओळखले असेलच.

कोपऱ्यावरच्या वाचनालयातून ती पिशवी भरभरून प्रेमकादंबऱ्या आणी. मित्रांनो, त्या वाचताना माणसाची काय दशा होते ते मी माझ्या कपाटातून रोज पाहिले आहे. भाजी करपते. दूध उतू जाते. बाई एकटीच हसते, एकटीच "अगं बोल ना आता, बोल!" असे पानाला सांगते, आणि पान काही ऐकत नाही. पुस्तकातली माणसे भांडली की ही दिवसभर घुम्यासारखी बसे, आणि त्यांचे जुळले की आम्हा सगळ्यांना, म्हणजे मास्तरांना, गोडाचे जेवण मिळे. वर दुकानात इस्त्री करणारी मैत्रीण घरी आली की तिच्याबरोबर चर्चा. "हिरो जरा मिळमिळीतच आहे गं यातला."

"नायक म्हण," मास्तर आतून ओरडत.

"नायक मिळमिळीत आहे," चिमी म्हणे.

एकदा मास्तरांनी तिला सरळच विचारले, "चिमे, काय हा कचरा वाचतेस?"

"कचरा कसला? शेवट गोड असतो दादा."

"शेवट गोड आहे हे आधीच ठाऊक असेल, तर वाचायचं कशाला?"

"जेवायला बसतोस तेव्हा पोट भरणार आहे हे तुला आधी ठाऊक नसतं का?" चिमी म्हणाली. "तरी बसतोसच ना?"

उचलली जीभ लावली टाळ्याला! मास्तर मला उघडून उगीचच 'कचरा' या शब्दाची व्युत्पत्ती पाहत बसले.

पुढे मास्तर निवृत्त झाले आणि मुद्रितशोधन करू लागले. म्हणजे पुस्तक छापायच्या आधी छापखान्यातून कच्ची पाने येतात, त्यांतल्या चुका लाल शाईने दुरुस्त करायच्या. याच सुमारास चिमीला नवे खूळ लागले. हो, खूळ लागते. ते होत नाही. वाचून पोट भरेना म्हणून बाईसाहेब लिहायला बसल्या!

दुपारी मास्तर आडवे झाले की ती इस्त्रीच्या टेबलावर कागद पसरी. लिहायची तऱ्हा तर काय वर्णावी! मास्तरांचा सदरा हँगरला लावून दारात टांगायचा आणि त्याच्याशी बोलायचे. "तुम्हाला कधी कळणारच नाही का?" असे सदऱ्याला विचारायचे, मग सदऱ्याच्या मागे जाऊन जाड आवाजात आपणच उत्तर द्यायचे, मग "छे, असं नाही बोलणार तो" म्हणून पुन्हा पुढे यायचे. एखादे वाक्य जमले की स्वतःभोवती एक गिरकी. पन्नाशीची बाई! पुरुषाचे एक वाक्य जमेना तर ती सदऱ्यावर खरोखरच रुसली आणि त्याला इस्त्री केली नाही. मास्तर तसाच चुरगळलेला सदरा घालून छापखान्यात गेले.

आणि एके दिवशी तिने मला उघडले.

मास्तर मला उघडत ते एखादा शब्द ऱ्हस्व की दीर्घ हे बघायला. काम झाले की बंद. चिमीने 'ह' काढला. त्या टोकाची पाने तोपर्यंत एकमेकांना चिकटलेलीच होती. तिने ती नखाने हळूच सोडवली आणि 'हुरहूर' शोधला. अर्थ वाचला. मग तो शब्द मोठ्याने म्हणून पाहिला. मग त्याच्या शेजारचा. मग त्याच्याही शेजारचा. "अय्या, किती छान," असे ती माझ्या छापील मजकुराला म्हणाली. दुपारभर ती मला वाचत होती. तपासत नव्हती, वाचत होती. मला आवडले. बस्स, एवढेच सांगतो, खोदून विचारू नका. त्यानंतर तिने तो शब्द आपल्या गोष्टीतल्या एका घड्याळजीच्या तोंडी घातला हे कळल्यावर मला पुन्हा शिसारी आली.

कादंबरी पुरी झाली. मास्तरांना तिने ताकास तूर लागू दिली नाही. टोपणनावाने ती प्रकाशकाकडे नेऊन दिली. ते टोपणनाव इतके गुळचट आहे की मी ते उच्चारणार नाही. प्रकाशकाला फक्त एकच विचारले, "याची प्रुफं आमच्या दादाकडेच येतील ना?" तिला काय हवे होते ते मला तेव्हाच कळले. जन्मभर ज्याने कचरा म्हटले, त्याने एकदा तरी आपले पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावे. कुणाचे आहे हे न कळता वाचावे. बाकी पुस्तक खपले नाही तरी तिला चालणार होते.

प्रकाशक स्वतः पाने घेऊन आला. हा माणूस सगळ्याच पुस्तकांना 'माल' म्हणतो. "मास्तर, नवा माल आहे. ही प्रुफं आणि ही मूळ प्रत, लेखिकेच्या हातची."

मास्तरांनी नाक मुरडले. "प्रेमकादंबरी ना? मग मूळ प्रत कशाला? लेखिकेनं काय लिहिलंय ते बघून तिच्या चुका मी पुन्हा छापू? ठेवा तुमच्याजवळ. माझं व्याकरण हीच मूळ प्रत."

मी मनात म्हटले, शाब्बास! चिमीने आतून हे ऐकले. तिचे अक्षर मास्तरांनी पाहिले असते तर बिंगच फुटले असते, म्हणून तिने सुटकेचा निःश्वास टाकला असेल.

मास्तरांनी लाल शाई भरली. पहिली काही पाने त्यांनी अशी झोडपली की पानाला गोवर आल्यासारखे दिसत होते. मला दर दोन ओळींना उघडत होते. मग मला उघडणे कमी झाले. मला वाटले, चुका कमी असतील. पण मला तर तिथूनही दिसत होत्या! 'आर्शीवाद' गेला, मास्तर गप्प. 'उज्वल' गेला, मास्तर गप्प. त्यांचे बोट ओळीवर नव्हते, पानाच्या कोपऱ्यावर होते, उलटायच्या तयारीत. मित्रांनो, मुद्रितशोधकाचा पहिला नियम असा की गोष्ट वाचायची नाही, अक्षरे वाचायची. चांभार जसा माणसाचे तोंड न बघता जोडा बघतो, तसे. आणि आमचे मास्तर खुशाल गोष्ट वाचत होते!

मग ते पान आले. त्या कादंबरीतल्या घड्याळजीला त्यातली नायिका म्हणते, "मला तुमची सवय लागलीय." आणि तो मूर्ख भिंगातून डोळा न काढता म्हणतो, "सवय होते. लागतं ते व्यसन."

मास्तरांच्या हातातले पेन थांबले. त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचले. ते उठले, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. चिमी पाठमोरी उभी राहून पोळ्या करत होती. मास्तर तिच्या पाठीकडे पाहत उभे राहिले. "चहा मिळेल का?" एवढेच विचारून परत आले. त्यांना कळले होते, आणि त्यांना कळले हे तिलाही कळले होते. पण या घरात खरे बोलायची वेळ आली की दोघे चहाबद्दल बोलतात.

त्या कादंबरीतली बाई चिडून निघून जाते. पण चिमीने घड्याळजीला घरी बसू दिले नव्हते. तो दुकान उघडे टाकून धावत सुटतो, डोळ्याला भिंग तसेच लावलेले, एक चप्पल पायात आणि एक कुठेतरी पडलेली, आणि बाजाराच्या गर्दीत तिला गाठून ओरडतो, "व्यसनच लागलंय! मला! तुमचं!" अहाहा! असे कुठे कधी घडते का? भिंग लावून धावणारा माणूस दहा पावलांत खांबावर आपटेल. मी हे सगळे तुच्छतेने पाहत होतो. मास्तर मात्र चष्मा काढून पुसत होते, पुन्हा लावत होते, पुन्हा काढत होते.

आता शेवटची ओळ. चिमीने लिहिले होते, 'आणि भर रस्त्यात त्याने तिला कवटाळले.' पण चिमीचा 'व' इतका बारीक की छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला तो दिसलाच नाही, वर एक ठिपका तेवढा दिसला. त्याने जुळवले, 'त्याने तिला कंटाळले.' कवटाळणे आणि कंटाळणे दोघेही माझ्या 'क'च्या घरातच राहतात, पण एकमेकांचे तोंड पाहत नाहीत.

मास्तरांचे डोळे भरले होते. डोळ्यांना बहुतेक बरोबरच दिसले असेल, कारण चेहऱ्यावर हसू होते. पण हात! जन्मभराची सवय, ती काही झोपत नाही. 'कंटाळणे' हे अकर्मक क्रियापद. त्याला 'त्याने' कसे चालेल? हाताने सटकन लाल रेघ मारली आणि वाक्य शुद्ध केले. 'आणि भर रस्त्यात तो तिला कंटाळला.' खाली सही ठोकली.

व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाक्य आहे. आजही माझी त्याबद्दल तक्रार नाही.

पुस्तक छापून आले. चिमीने आपली प्रत स्वयंपाकघरात नेली. मुखपृष्ठावरून हात फिरवला, वास घेतला, आणि खोड जात नाही म्हणतात ना, सवयीने आधी शेवटचे पान उघडले. मला वाटले ती हसेल. ती जिथे होती तिथेच खाली बसली. मग उठून तिने पुस्तक तांदळाच्या डब्यामागे ठेवले. उरलेले कोरे कागद फडताळात अंथरले आणि त्यांवर बरण्या मांडल्या. सदरा दारातून काढला आणि घडी घालून ठेवला.

नंतर किती दिवस ते घर मुके होते. ती वाचनालयात गेली नाही. भाजी करपली नाही, दूध उतू गेले नाही. सगळे वेळेवर, आणि सगळे बेचव. मला खरे तर आनंद व्हायला हवा होता. मास्तर पुस्तकाबद्दल काहीतरी बोलायला रोज तोंड उघडत आणि रोज तिचा चेहरा बघून मिटत.

शेवटी एकदा जेवताना ते म्हणाले, "चिमे, आमटीत मीठ जास्त झालंय."

"मग कर ना दुरुस्त!" चिमीने पळी आपटली. "आण तुझी लाल शाई. माझं सगळंच दुरुस्त कर!"

"अगं, झालं काय?"

"तुला आवडलं नव्हतं तर तोंडावर सांगायचं होतंस दादा. मी कुठं म्हणत होते, चांगलं म्हण? कचरा म्हणाला असतास तरी ऐकलं असतं, रोजच ऐकते. पण शेवट बदललास? मी त्या दोघांना एवढ्या लांबून आणलं, आणि तू माझी टिंगल केलीस. तीही छापून!"

"मी शेवट बदलला? मी?"

तिने डब्यामागून पुस्तक काढून त्यांच्या ताटाशेजारी टाकले. "वाच."

मास्तरांनी वाचले. "'आणि भर रस्त्यात तो तिला कंटाळला.' बरोबर आहे की. अकर्मक क्रियापद असल्यामुळे..." आणि मग त्यांना ऐकू आले आपण काय वाचतोय ते. "हे काय छापलंय?"

"तूच छापलंस."

"तिथं 'त्याने तिला कंटाळले' होतं. ते चूक होतं गं."

"चूक होतं हे दिसलं तुला. मी काय लिहिलं असेल ते नाही सुचलं? ती दोघं भर बाजारात कंटाळायला धावली का?"

"मूळ प्रत मी घेतलीच नव्हती," मास्तर म्हणाले. "आणि तेव्हा मी तपासत नव्हतो चिमे. वाचत होतो."

चिमीने विचारले, "सगळं वाचलंस?"

"दोनदा." मास्तर ताटाकडे बघत म्हणाले. "चष्मा ओला झाला होता. फार वाईट अवस्था झाली माझी. एवढं चांगलं लिहायचं असतं का?"

चिमीने पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, ते मला सांगता येणार नाही. मी अर्थ सांगतो, तमाशे बघत नाही. पण बघितले.

दुसऱ्या दिवशी प्रकाशक गठ्ठे घेऊन हजर. मास्तरांनीच सगळ्या प्रती मागवल्या होत्या. "अहो, कशाला मनाला लावून घेता?" तो म्हणाला. "कुणाला काही कळत नाही. दोघा-तिघांनी तर सांगितलं, शेवट फार वास्तववादी आहे म्हणून! फार तर एक शुद्धिपत्र चिकटवू. शेवटच्या ओळीत अमुकऐवजी तमुक वाचावे. माल खपतो बिनबोभाट."

"मिठी काय शुद्धिपत्रात मारायची?" चिमी कडाडली.

"गठ्ठे ठेवा आणि जा," मास्तर म्हणाले.

त्यांनी लाल शाईची दौत बाजूला सारली आणि काळी शाई भरली. एकेक प्रत उघडायची, शेवटची ओळ खोडायची आणि वर सुवाच्य अक्षरात लिहायचे, 'आणि भर रस्त्यात त्याने तिला कवटाळले.' मग पुढची प्रत. ज्या माणसाने आयुष्यात एक प्रेमाचे वाक्य धडपणे ऐकून घेतले नाही, तो सकाळ-संध्याकाळ मान मोडून एकच प्रेमाचे वाक्य लिहीत होता! सुरुवातीला ओठ घट्ट मिटून लिहीत होता, मग पुटपुटत, आणि पुढे पुढे तर चक्क चाल लावून. चिमी टीपकागद दाबत होती. आणि मी? मला त्या उघड्या पुस्तकांवर वजन म्हणून ठेवले होते. विद्वानांच्या भांडणातून जन्मलेला मी, आणि माझ्या पोटाखाली काय, तर ते वाक्य. दैव म्हणतात ते हेच.

गठ्ठे संपत आले तेव्हा मास्तरांनी एक प्रत लांब धरून पाहिली. "मुखपृष्ठ झकास आहे गं. या घड्याळजीच्या डोळ्याला भिंग किती बरोबर काढलंय. चित्रकार कोण?"

चिमी टीपकागद दाबत राहिली. मग म्हणाली, "बाई. आपल्या चित्रकलेच्या बाई. निवृत्त होऊन परत आल्यात इथं, भाचीकडे. वाचनालयाच्या रांगेत भेटतात. माझ्याइतकंच वाचतात त्या. चित्र काढायला म्हणून आख्खी गोष्ट वाचायला दिली होती मी त्यांना. माझ्या अक्षरातली."

मास्तरांनी पुस्तक हळूच खाली ठेवले. "मग त्यांना छापील प्रत?"

"पहिलीच गेली."

"म्हणजे ही? कंटाळलेली?"

"हो," चिमी म्हणाली. "आणि पहिल्या पानावर छापलंय, मुद्रितशोधन कुणाचं ते."

मास्तर उठले. सदरा बदलला, पुन्हा पहिलाच घातला. पेन खिशाला लावले, काढले, लावले. "दुरुस्ती करायला जातोय," असे दोनदा सांगून गेले. मला म्हटले देखील नाही, चल म्हणून.

ते अंधार पडायच्या सुमाराला परतले. चिमी उंबऱ्यातच उभी होती.

"काय झालं? केलीस दुरुस्ती?"

"नाही," मास्तर खुर्चीत बसत म्हणाले. "त्यांनीच आधी करून ठेवली होती. पेन्सिलीनं. माझं वाक्य खोडून वर तुझं लिहिलं होतं."

"अगंबाई! मग एवढा वेळ काय करत होतास?"

मास्तर म्हणाले, "त्यांनी 'कवठाळले' लिहिलंय."

"काय?"

"'ट'च्या जागी 'ठ'. क-व-ठा-ळ-ले."

चिमीने श्वास रोखला. मीही रोखला. कवठाळले! कवच, कवटी, कवठ, सगळे मला ठाऊक आहेत, पण असे क्रियापद माझ्या कुठल्याही पानावर नाही. माझा शिवलेला कणा शहारला. पेन खिशात, दुरुस्ती करायला म्हणूनच गेलेला माणूस!

"आणि तू काय म्हणालास?" चिमीने घाबरत विचारले.

"मी काही म्हणालो नाही," मास्तर म्हणाले. "चहा घेतला."

मित्रांनो, झाली माझी कहाणी. चिमीने फडताळातल्या बरण्या उतरवल्या आणि कागद काढून घेतले. पुन्हा भाजी करपू लागली आहे. माझी बांधणी सैल झाली आहे, ती शिवून घ्यायची आठवण कुणाला नाही. तुम्ही तरी घरातल्या शब्दकोशाला अशी अवकळा येऊ देऊ नका. त्याच्यावर बसू नका, त्याच्यावर गरम भांडी ठेवू नका, आणि वर्षातून एकदा तरी 'ह'ची पाने सोडवा. प्रेमकादंबऱ्यांबद्दल माझे मत आहे तेच आहे. पण कधी कुणी जीव लावून तुमच्याशी चुकीचे बोलले, तर त्या वेळी मला उघडू नका. मी कपाटातच असतो, दुसऱ्या दिवशीही सापडतो.